निम्मा पाऊस

“किती?”

“साडेसात.”

“किती म्हणालात?”

“साडेसात गं.”

“नीट बघा. किती?”

“साडेसात, साडेसात, साडेसात. लिही आता.”

सासूबाईंचा तो आवाज अजून तिच्या कानात आहे. या घरात आल्याच्या दुसऱ्याच सकाळी तिने तो ऐकला होता. अंगणात सासरे गुडघ्यात वाकून उभे, काचेचा ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरलेला, आणि उंबऱ्यात मांडीवर वही घेऊन बसलेल्या सासूबाई एकच गोष्ट तीनदा विचारताहेत. नव्या सुनेला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येतं. चारच दिवसांत कळलं, ऐकू चांगलं येतं, भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा सुटत नाही. ही घराची रीत होती. तीनदा विचारल्याशिवाय आकडा कागदावर उतरत नसे.

त्याच वर्षी सासूबाई गेल्या. वही सुनेच्या मांडीवर आली. त्याच सुमारास सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसा ग्लासही तिच्याच हातात आला. सांगणारी ती आणि लिहिणारीही तीच. विचारणारं कुणी उरलं नाही.

अंगणाच्या मधोमध, तारेच्या कुंपणात, ते पाऊस मोजायचं यंत्र. यंत्र म्हणजे काय, तर एक हिरवा पिंप, वर नरसाळ्याचं तोंड, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी रेषा आखलेल्या ग्लासात ओतायचं आणि आकडा वाचायचा. पडो न पडो, वहीत ओळ लिहायचीच. महिना संपला की पान फाडून टपालाने सरकारी कचेरीत, आणि नक्कल घरात. अडतीस वर्षांच्या नकला पत्र्याच्या पेटीत होत्या. यंत्राजवळ झाड चालत नाही, म्हणून अंगणात झाड नव्हतं. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवला की तळवा भाजायचा. गाव हसायचं, “पाऊसवाल्यांच्या घरी सावलीसुद्धा मोजून मिळते.” सासऱ्यांना सगळे पाऊसवालेच म्हणत. ते त्यात खूश असत.

त्या उन्हाळ्यात आमदारबाईंचं पत्रक आलं.

पत्रकावर सासऱ्यांचा फोटो होता. महिन्याभरापूर्वी बाईंची दोन माणसं येऊन पेटीतल्या नकलांचे फोटो काढून गेली होती, जाताना सासऱ्यांचाही काढला होता. सासरे उंबऱ्यात बसून म्हणाले, “वाच.”

तिने वाचलं. “‘या खोऱ्यातला पाऊस अकरा वर्षांत निम्म्यावर आला आहे. हे आम्ही सांगत नाही. हे या आजोबांची वही सांगते, जी अडतीस वर्षांत एक दिवसही चुकलेली नाही.’”

“परत वाच.”

तिने परत वाचलं.

“खाली काय आहे?”

खालचं तिने हळू वाचलं. नदीकाठची माती काढणं बंद. काठावरच्या सगळ्या वीटभट्ट्या पुढच्या हंगामापासून बंद. तसा ठराव बाई सभागृहात मांडणार होत्या. रविवारी त्या गावात येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार होत्या.

सासऱ्यांनी तेवढं ऐकलंच नाही. ते बोटांनी फोटो चाचपत होते, कागदावर आपलं नाक कुठे आहे ते शोधत असल्यासारखे. “अडतीस वर्षं,” ते म्हणाले. “पानं पाठवत होतो, वाटायचं, विहिरीत दगड टाकतोय. आवाजच येत नाही. बघ, आला शेवटी.”

दुपारी नवरा भट्टीवरून आला. पापण्यांपर्यंत राख. त्याने पायसुद्धा धुतले नाहीत.

“बाबा, तुमच्या वहीने माझ्या पोटावर पाय दिला.”

“वहीला पाय नसतात,” सासरे म्हणाले.

“लाथ तर बरोबर बसली.”

“मी पाऊस मोजतो. पडला नाही तर तो माझा दोष?”

“साठ घरं जगतात त्या भट्टीवर. आज मुकादमाने सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, घरी बापाला सांभाळतोस की आमदाराला? सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.” तो पाणी प्यायला आणि तांब्या आपटला. मग बायकोकडे वळला. “आणि तू लिहितेस ना रोज? लिही अजून. सुबक अक्षरात लिही.”

ती भाकरीचं पीठ मळत होती. मळतच राहिली. पीठ केव्हाच मऊ झालं होतं.

*

भट्टीवर तीही जायची. उजाडायच्या आत नदीच्या काठावर चिखल तुडवला जायचा, त्यात राख आणि भुसा पडायचा, पुरुष साच्यातून विटा पाडायचे. बायकांचं काम वाळत घातलेल्या विटा उभ्या करायचं. ओली वीट फार जपून धरावी लागते. अंगठा जरा दाबला की खळगा पडतो आणि मुकादम ती पायाने चिखलात परत ढकलतो. ओणवं राहून राहून कंबरेला जी कळ लागायची ती झोपेतही सुटत नसे. साडेआठच्या जरा आधी ती हात धुवून घरी पळायची, यंत्र बघायची, परत यायची. बायका तिला ‘साडेआठची बाई’ म्हणायच्या. आजवर त्यात माया होती.

सोमवारी ती परत आली तर तिच्या रांगेतल्या उभ्या केलेल्या विटा कुणीतरी आडव्या केल्या होत्या. पहाटेपासूनचं काम. रांग लांबच लांब होती.

“वारा आला होता,” तिची चुलत जाऊ म्हणाली. तिची रांग शेजारीच होती.

“वीट पाडणारा वारा?”

“हवाबाई येणार आहे ना गावात. तिच्याआधी तिचा वारा आला.” बायका हसल्या. आमदारबाईंना गावाने ठेवलेलं नाव होतं ते. हवा बिघडली, हवा तापली, असं त्या सगळीकडे सांगत फिरायच्या म्हणून.

तिने एक एक वीट परत उभी करायला घेतली. पण जावेच्या जिभेला अजून धार यायची होती.

“अगं, मी काल ते पत्रक पोरीकडून वाचून घेतलं. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत पाऊस कसा छान होता म्हणे. मग एकदम निम्मा. मी बोटं मोजली. अकरा वर्षांपूर्वी गावात नवीन काय आलं?”

“काय आलं?” दुसरीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

“पांढरे पाय आले.”

रांगेभर हसू पसरलं. एक म्हातारी मजूर बाई तेवढी हसली नाही; तिने ओल्या विटेवर थुंकी पडू नये म्हणून मान वळवली आणि लांब थुंकली. ते कुणासाठी होतं ते कळलं नाही.

सून स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल, त्यावर राख. पाय खरंच पांढरे दिसत होते.

दुपारी ती पाणी प्यायला माठाकडे गेली तर माठावर पालथा असायचा तो पेला नव्हता. जावेने तो आपल्या कमरेला खोचला होता. तिने ओंजळीने पाणी घेतलं. ओंजळीतून निम्मं कोपरापर्यंत ओघळलं.

त्यांना ठाऊक नव्हतं की त्या थट्टेत खरं किती होतं.

अकरा वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्यानंतर पंधरा दिवसांनी, तिने ग्लास फोडला होता. राखेने घासताना साबणासारखा हातातून निसटला आणि दगडावर पडला. सासरे तेव्हा बहिणीकडे गेले होते, चार दिवसांसाठी. ती नवी होती, आई लांब होती, आणि या घरात सगळ्यात जपलेली वस्तू कोणती हे पहिल्या दिवशी तिला सांगितलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या गावात गेली, शाळेला काचेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात. दुकानदाराने तसाच ग्लास दिला. रेषा त्याच, आकडेही तेच, फक्त रेषा जरा लांबलांब. सासऱ्यांना तोवर धूसर दिसू लागलं होतं. त्यांनी ग्लास हातात घेतला, ओठांनी फुंकर मारली, म्हणाले, “लख्ख घासलास.”

चार वर्षं तिलाही कळलं नाही. मग एका दुपारी असा पाऊस कोसळला की अंगणात सरळ काठांचा रिकामा डबा राहिला होता त्यात पाणी साचलं. तिने सहज मोजपट्टी घातली. चाळीस मिलिमीटर. सकाळी ग्लासात आकडा आला वीस. पाऊस मोजणाऱ्याच्या अंगणात दोन पाऊस पडत नाहीत. ती पुन्हा त्या दुकानात गेली. दुकानदार बदलला होता, नव्या दुकानदाराने ग्लास उलटा करून तळ बघितला आणि म्हणाला, “ताई, हा मोठ्या तोंडाच्या यंत्राचा. लहान यंत्राला लावलात तर सगळं अर्धं दिसणार.”

तेव्हाच सांगता आलं असतं. पण चार वर्षांची पानं कचेरीत गेली होती. आता खरा ग्लास आणला तर आकडे एकदम दुप्पट होतील, वहीचं वहीशी भांडण लागेल, आणि कुणीतरी विचारेल, त्या वर्षी काय झालं. तिने तोच ग्लास पुसून खुंटीवर ठेवला. पुढची सात वर्षं ती तोच वाचत राहिली. एक चूक उसवू नये म्हणून तिच्यावर रोज सकाळी एक टाका घालत राहिली. कोण वाचतंय ती पानं, असं तिला वाटायचं.

आता वाचलं होतं कुणीतरी.

*

आमदारबाई शनिवारीच आल्या, सभेच्या आदल्या संध्याकाळी, आधी पाऊसवाल्यांना भेटायला. बरोबर एक तरुण, कागदांची गुंडाळी घेऊन. बाई पन्नाशीच्या, घसा पार बसलेला, एका टाचेवर पट्टी. सकाळपासून घरोघर हिंडल्या होत्या. चार घरांनी दार लावून घेतलं होतं आणि एका घराने कुत्रा सोडला होता.

“कुत्र्याने तरी माझं ऐकून घेतलं,” त्या हसून म्हणाल्या आणि कुणी खुर्ची आणायच्या आत उंबऱ्याखालच्या पायरीवर बसल्या.

कुंपणापाशी पोरंटोरं आणि भट्टीवरची माणसं जमली होती. बाईंनी स्वतःच्या बाटलीतून घोट घेतला. लगेच कुंपणापलीकडून आवाज आला, “आमचं पाणी चालत नाही वाटतं.”

बाईंनी बाटली खाली ठेवली. “चालतं. द्या.”

सुनेने तांब्या आणला. बाईंनी तो गटागट संपवला आणि आवाज आला होता त्या दिशेला बघितलं. कुणी पुढे आलं नाही.

सासरे नवा सदरा घालून बसले होते. बटणं एकेक घर चुकून लागली होती. त्यांनी बाईंना पेटी उघडून दाखवली, यंत्र दाखवलं, बायकोची तीनदा विचारायची रीत सांगितली. बाई ऐकत होत्या. खरंच ऐकत होत्या, मध्ये मान डोलवायचंही विसरून. मग त्यांनी एक पान उचललं, दुसरं उचललं, शेजारी धरलं.

“इथून अक्षर बदललंय. हे तुमचं?” त्यांनी सुनेला विचारलं.

“हो.”

“तुम्हीच वाचता ग्लास? आणि तुम्हीच लिहिता?”

“हो.”

“एकट्या?”

बाईंचे डोळे लाल होते, दमलेले, पण खोटे नव्हते. आता म्हणावं, असं तिला वाटलं. इथे, या पायरीवर, चौघांत. तिने तोंड उघडलं.

“माझ्या सुनेचा हात देवाचा हात आहे,” सासरे म्हणाले. “माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, तिच्या डोळ्यांवर आहे.”

तिने तोंड मिटलं.

दारात नवरा उभा होता. “बाई, एक विचारू?”

“विचारा की.”

“भट्टी बंद झाल्यावर मी काय करायचं?”

“दुसरं काम उभं करायचं. त्यासाठी योजना आहे. काठावर झाडं लावणं, बंधारे…”

“झाडं किती वर्षांत खायला घालतात?”

तरुणाने गुंडाळीतून कागद काढायला सुरुवात केली तशी बाईंनी त्याचा हात धरला.

“मला याचं पूर्ण उत्तर माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण नदी बघा. मी तीन वर्षांपूर्वी प्रचाराला आले होते तेव्हा त्या कपडे धुवायच्या दगडाला पाणी लागत होतं. आता दगड कोरडा आहे, आणि पाणी त्याच्या पलीकडे तीस पावलांवर. तुम्ही रोज बघता. मी कधीतरी येते म्हणून मला दिसतं.”

“तुम्ही कधीतरी येता तेच बरं आहे,” नवरा म्हणाला आणि आत गेला.

कुंपणापलीकडे कुणीतरी शीळ घातली. बाई उठल्या. टाचेच्या पट्टीतून रक्त आलं होतं. पायरीवर त्याचा लहानसा डाग उरला, तो सुनेने नंतर ओल्या फडक्याने पुसला. पुसताना तिला बाईंचा राग आला. दगडाचं ते खरं होतं. ती रोज कपडे धुवायला आणखी पुढे चालत जायची, आणि रोज जरा पुढे गेलं की पाऊल वाढलेलं कळत नाही. पण खरी गोष्ट सांगायला बाईंनी तिचा खोटा आकडा हातात धरला होता, आणि तो तसा धरला म्हणून तिला बाईंचाच राग येत होता.

*

रविवारी सकाळी साडेआठला तिने कुंपणाचं दार उघडलं तर वास आला. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने कोरडी असायची ती बाटली अर्धी भरलेली होती. पिवळं.

ती तशीच उभी राहिली. सासरे मागून काठी टेकत आले.

“काय आहे?”

“काही नाही, मामंजी. आत चला.”

“बाटली दे.”

“नको.”

“दे म्हटलं ना.”

त्यांनी बाटली नाकाजवळ नेली. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग ते स्वतः दगडापाशी बसले, बाटली ओतली, राख मागितली आणि घासायला लागले. तिने पाणी घालायला तांब्या धरला. त्यांची बोटं बाटलीच्या गळ्यात जाईनात, तरी ते करंगळी घालून घालून घासत राहिले. नख मोडलं. पुन्हा राख, पुन्हा पाणी. सात वेळा. कुंपणापलीकडून दोघं जण भट्टीकडे चालले होते, ते थांबले.

“काय पाऊसवाले, पडला का रात्री?” एकाने विचारलं.

“हो ना,” दुसरा म्हणाला. “कोमट पडला.”

सासऱ्यांनी मान वर केली नाही. ते गेल्यावर म्हणाले, “आज काय लिहिणार?”

“काय लिहू?”

“शून्य. हे आभाळातून पडलेलं नाही.” आणि मग, हळू, “तुझी सासू असती तर तीनदा विचारलं असतं.”

ती त्यांच्या मागे उभी होती. त्यांची मान तिला दिसत होती. कोंबडीच्या पिल्लासारखी बारीक, त्यावर ऊन. आत्ता सांगितलं तर हा माणूस या राखेतून उठणारच नाही, तिला वाटलं. आणि नाही सांगितलं तर तो तासाभरात अख्ख्या गावासमोर उभा राहून त्या अकरा वर्षांची शपथ घेईल.

तिने तांब्यातलं पाणी ओतलं. संपेपर्यंत ओतत राहिली.

*

सभा भट्टीच्या मैदानावर होती, कारण सावली तिथेच होती. भट्टीमालकाने आपणहून जागा दिली होती, मांडव दिला होता, माइकही दिला होता. हळू बोलणारा, हसरा माणूस. माणसाला फासावर चढवतानाही तो दोरी टोचत नाही ना असं विचारील, असं त्याच्याबद्दल म्हणत.

बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्याला मागून कुणीतरी म्हणालं, “मोठ्याने.” त्यांनी घसा ताणला. “अजून मोठ्याने.” आणखी ताणला तेव्हा आवाज फाटला आणि लोक हसले.

“बाई, तुमच्या घराच्या विटा कुठल्या?” मुकादमाने विचारलं.

“याच भट्टीच्या,” बाई म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याने बांधलं तेव्हा इथूनच नेल्या.”

खरं उत्तर आल्यामुळे मुकादमाची पंचाईत झाली. पण मालक हसला. “म्हणजे घर झालं, आता भट्टी नको.”

टाळ्या पडल्या. बाईंनी खूण केली तसा त्यांच्याबरोबरच्या तरुणाने कापडावर काढलेला मोठा तक्ता उघडला. दर वर्षाच्या पावसाची एक निळी पट्टी. सत्तावीस पट्ट्या उंच, कमी-जास्त. मग एकदम पायरी उतरावी तशा अकरा पट्ट्या बुटक्या.

“ही तुमच्या गावाची वही आहे,” बाई म्हणाल्या. “माझी नाही.”

“पायरी बघा, पायरी,” चुलत जावेचा आवाज बायकांतून आला. “कुठल्या साली उतरली ते बघा. लग्नाचं साल आहे ते.”

आधी बायका हसल्या, मग पुरुष. कुणीतरी ‘पांढऱ्या पायाची’ म्हणालं आणि ते शब्द मांडवभर हातोहात फिरले. सुनेचा नवरा पुरुषांत बसला होता. त्याने मान खाली घातली. तो हसला नाही, पण उठलाही नाही.

सासरे उठले.

ते बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, चुकीच्या बटणांच्या सदऱ्यात. काठी नसल्यामुळे त्यांनी टेबलाचा काठ धरला.

“माझ्या सुनेला नावं ठेवायचं काम नाही,” ते म्हणाले. माइक त्यांच्यापासून लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. “सकाळी माझ्या यंत्रात कुणी काय केलं ते मी धुतलं. तुम्ही माझ्यावर केलंत असं मी समजेन. पण वहीवर नाही. वहीत एक आकडा खोटा निघाला ना, एकच, तर अडतीस वर्षांच्या सगळ्या वह्या मी माझ्या हाताने या भट्टीत घालीन.”

मालकाने दोन्ही हात जोडले.

“पाऊसवाले, तुमच्या शब्दावर कोण शंका घेईल? पण तुम्हाला दिसत नाही. अकरा वर्षं ग्लास तुम्ही वाचलेला नाही. मग शपथ तुमची कशी चालेल?”

“तिची चालेल,” सासरे म्हणाले. “तिला विचारा. सांग गं.”

आणि ते तिच्याकडे वळले. ती जिथे होती असं त्यांना वाटलं तिथे वळले. ती त्यांच्या डाव्या हाताला खांबापाशी होती आणि ते उजवीकडे, मोकळ्या जागेकडे बघून वाट पाहत राहिले.

सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. बाईसुद्धा. नवऱ्याने मान वर केली होती.

ती खांब सोडून चालत गेली, मांडवाच्या मधल्या मोकळ्या जागेतून, सासऱ्यांचे डोळे जिथे लागले होते तिथे जाऊन उभी राहिली.

“मामंजी,” ती म्हणाली, “जुना ग्लास मी फोडला. तुम्ही आत्यांकडे गेला होता तेव्हा. मी गुपचूप दुसरा आणला, तो मोठ्या यंत्राचा निघाला. त्यात सगळं अर्धं दिसतं. मला सात वर्षांपासून माहीत आहे.”

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग मुकादमाला समजलं आणि त्याने मांडीवर थाप मारली. हसण्याचा, ओरडण्याचा एक लोट उठला. बाईंच्या तरुणाच्या हातून तक्त्याचं एक टोक सुटलं. नवरा उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि सुटकेची लाजही.

सासरे तसेच उभे होते. हात टेबलाच्या काठावर. फक्त अंगठा त्या काठावरून मागे-पुढे फिरत होता.

भट्टीमालक स्वतः माइक घेऊन तिच्याकडे आला. “पोरी, मागच्यांना ऐकू गेलं नाही. एकदा यात सांग. सांग, म्हणावं पाऊस कमी झालेलाच नाही.”

तिने माइक घेतला. तो तिच्या अंदाजापेक्षा जड होता. बाईंनी खुर्चीत बसून डोळे मिटले होते.

“अर्ध्याचे दुप्पट करा,” ती म्हणाली. आपलाच आवाज चारी बाजूंनी आल्यावर ती दचकली, मग परत बोलली. “पाऊस जवळजवळ पूर्वीइतकाच पडतो. माझं चुकलं. मी खोटं लिहिलं.”

“झालं,” मालक म्हणाला आणि माइकसाठी हात पुढे केला.

तिने दिला नाही.

“पण तो किती दिवस पडतो, ते बाईंनी मोजलं नाही. मी मोजलंय. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आधी कोरडे दिवस निघायचे पन्नास, पंचावन्न. गेली तीन वर्षं ऐंशीच्या वर निघालेत. सगळा पाऊस उरलेल्या दिवसांत कोसळतो आणि काठाची माती घेऊन जातो. आपण खणून ठेवलेला काठ.”

“वायर काढ रे,” मुकादम कुणाला तरी म्हणाला.

माइक मेला. जाऊ काहीतरी ओरडली. नवरा गर्दीतून तिच्याकडे यायला निघाला होता, तो तिला गप्प करायला येत होता की सोबतीला, ते त्यालाही माहीत नसावं. तिने मेलेला माइक जमिनीवर ठेवला आणि सासऱ्यांच्या अगदी जवळ गेली, त्यांना अंधुक का होईना दिसेल इतकी.

“ज्या दिवशी पडला नाही त्या दिवशी मी शून्य लिहिलं, मामंजी. शून्याला ग्लास लागत नाही. तेवढं खरं लिहिलंय मी.”